वाळवंटातल्या गुप्तधनासाठी मेटल डिटेक्टर: डिचोलीची लाल माती आणि थरची वाळू

मधल्या किमतीचा मेटल डिटेक्टर घेऊन वाळवंटात पुरलेले धन शोधता येते का, या प्रश्नाचे उत्तर बाजारातल्या जाहिरातींत मिळत नाही, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. माझ्याकडचे यंत्र एकाच वारंवारतेवर चालणारे, साधारण १० इंची कॉइलचे (जमिनीवर फिरवायच्या चकतीचे), वजनाने दीड किलोच्या आतले आणि तीस हजारांच्या आसपास मिळालेले आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच रचनेची यंत्रे अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांचे गुणदोष बव्हंशी सारखेच असतात. गोव्यात ते मी डिचोलीच्या आमच्या परसात आणि मांद्र्याच्या एका परिचितांच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, वापरले. पुढे हिवाळ्यात जोधपूरच्या पश्चिमेकडील एका शेतात, मालकाच्या लेखी परवानगीने, त्याची कोरड्या वाळूवर परीक्षा घेतली. माझे मत आधीच सांगतो: वीतभर खोलीवरच्या नाण्यासाठी हे यंत्र उत्तम आहे, हातभर खोलीवरच्या भांड्यासाठी ते कामचलाऊ आहे आणि त्याखालच्या पेटाऱ्यासाठी ते निरुपयोगी आहे. वाळवंटातला साठा बहुधा या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

यंत्राचे काम समजून घेतले की ही मर्यादा आपोआप उलगडते. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून सतत बदलता विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्या क्षेत्रात सापडलेल्या धातूत लहान भोवरे-प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे उलटे क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परतीचा संकेत किती उशिराने आला, यावरून यंत्र धातूचा अंदाज करते आणि पडद्यावर आकडा दाखवते. लोखंडाचा आकडा खालचा असतो, तांब्याचा आणि चांदीचा वरचा. ही यंत्रणा जवळच्या वस्तूला फार चांगली आहे. पण क्षेत्र जाताना क्षीण होते आणि परतताना पुन्हा क्षीण होते. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतीचा संकेत सुमारे ६४ पटींनी कमी होतो. म्हणूनच 'दुप्पट ताकदीचे' म्हणून विकले जाणारे महाग यंत्र प्रत्यक्षात दोन-चार बोटेच जास्त खोल पाहते, आणि हे विक्रेते सांगत नाहीत.

गोव्यात राहणाऱ्याला एक लाभ असा की यंत्राची सर्वांत अवघड परीक्षा त्याच्या दारातच होते. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातली माती लोहयुक्त आहे. खाली जांभा आणि त्याच्याही खाली ज्यासाठी इतकी वर्षे खाणी चालल्या ते लोहखनिज. यंत्र सुरू करून कॉइल जमिनीला समांतर फिरवली की पहिल्या मिनिटापासून बारीक कुरकुर चालू होते, कारण यंत्राला सगळी जमीनच किंचित धातूसारखी वाटते. ही कुरकुर थांबवण्यासाठी 'ग्राउंड बॅलन्स' करावा लागतो. एक बटण दाबून धरायचे आणि कॉइल जमिनीपासून वीतभर उंचीवर व पुन्हा खाली अशी काही वेळा हलवायची, म्हणजे यंत्र मातीचा आवाज ओळखून तो वजा करते. आमच्या परसात हे दर दहा-पंधरा पावलांवर पुन्हा करावे लागले, कारण पायवाटेखाली घातलेल्या जांभ्याच्या तुकड्यांचा आवाज वेगळा आणि केळींच्या आळ्यातल्या मातीचा वेगळा. माझ्या यंत्रात बॅलन्स हाताने बारकाईने लावण्याची सोय आहे आणि तिच्यासाठीच मी त्याला चांगले गुण देतो. ज्या स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच पक्का करून टाकलेला असतो, ती गोव्याच्या लाल मातीवर घेऊच नयेत.

परसात मी दोन वस्तू पुरल्या: तांब्याचा एक जुना तांब्या, आत जुनी नाणी भरून, तोंडाला फडके बांधून, आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा, आत तशीच नाणी. तांब्या हातभर खोल असताना यंत्राने स्पष्ट, दोन्ही बाजूंनी सारखा वाजणारा उंच स्वर दिला आणि आकडा जवळजवळ स्थिर राहिला. तोच आणखी हातभर खाली नेल्यावर कॉइल वरून कितीही संथ फिरवली तरी पडदा कोराच राहिला. डब्याची गोष्ट मात्र अधिक शिकवणारी ठरली. तो मातीच्या थोडाच खाली असताना सपाट, मोठ्या पत्र्यामुळे आकडा चांदीइतका वर गेला. खाली नेला तसा तो घसरून लोखंडाच्या आकड्यावर आला. आणि 'डिस्क्रिमिनेशन' लावून लोखंड गाळायला सांगितल्यावर, डबा नाण्यांनी भरलेला असूनही यंत्र गप्प बसले. नाणी शोधणारे लोक खिळे-बुचे टाळण्यासाठी लोखंड गाळतात, आणि त्यांच्यापुरते ते योग्यच आहे. पण साठा पुरणारा माणूस तो लोखंडी पेटीत, पत्र्याच्या डब्यात किंवा कढईत पुरतो. तेव्हा साठा शोधायचा असेल तर गाळणी पूर्ण बंद ठेवावी आणि प्रत्येक मोठा लोखंडी आवाज उकरून पाहण्याची तयारी ठेवावी. माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

मांद्र्याच्या भाटात, माडांच्या ओळींमधल्या कोरड्या रेतीत यंत्र शांत चालले. समुद्राच्या बाजूच्या ओल्या, खारट रेतीवर मात्र ते बिनसले, कारण खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते आणि एका वारंवारतेच्या यंत्राला ते धातूपासून नीट वेगळे करता येत नाही. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे या बाबतीत सरस असतात. पण ज्याचे लक्ष वाळवंटावर आहे, त्याने त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही, हे मला जोधपूरकडे गेल्यावर पटले.

थरची वाळू मुख्यतः गारेची, म्हणजे क्वार्ट्झची असते, कोरडी असते आणि त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने ती जवळजवळ निःशब्द असते. डिचोलीच्या मातीवर कान किटलेल्या माणसाला तिथली शांतता फार सुखद वाटते. एक लहानसा मोळाही स्वच्छ ऐकू येतो. त्रास दुसरीकडून येतो. वाळूखाली ठिकठिकाणी कंकर, म्हणजे चुनखडीचा कठीण थर लागतो, आणि अधूनमधून लोहयुक्त दगड पडलेले असतात, ज्यांना या छंदातले लोक 'हॉट रॉक' म्हणतात. ते यंत्राला हुबेहूब धातूसारखे भासतात. ओळखण्याची खूण अशी की कॉइल थोडी वर उचलली की त्यांचा आवाज धातूच्या मानाने फार झटकन मावळतो. डिचोलीत लोहखनिजाच्या खड्यांवर हा सराव आधीच झाला होता, म्हणून तिथे वेळ वाचला. त्या शेतातून जे निघाले ते नांगराचा फाळ, काही नाल आणि उंटाच्या साजाचे एक पितळी कडे. कडे मालकांच्या हाती दिले, तेव्हा त्यांनी ते अंगठ्याने घासून आतल्या बाजूची झिजलेली कड दाखवली. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी दोर घासल्याने तिथे पितळ निम्मे उरले होते.

वाळवंटातली मूळ अडचण यंत्र सोडवू शकत नाही: वाळू सरकते. चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या वर्षाला काही मीटर, कधी त्याहूनही जास्त पुढे जातात. शंभर वर्षांपूर्वी हातभर खाली पुरलेली वस्तू आज उघड्यावर असेल किंवा दोन पुरुष खोल वाळूखाली असेल. अशा ठिकाणी लहान कॉइलने टेकडीवर फिरत राहणे व्यर्थ आहे. टेकड्यांमधल्या सपाट, कठीण पट्ट्यात, जुन्या विहिरीच्या आसपास किंवा पडक्या भिंतींच्या आडोशाला शोधावे, कारण पुरणाऱ्यालाही परत येऊन जागा ओळखायची होती आणि त्याने न हलणारी खूणच निवडली असणार. खोलवरच्या साठ्यासाठी वेगळ्या जातीचे यंत्र असते. त्यात प्रेषक आणि ग्राहक अशा दोन पेट्या दांड्याच्या दोन टोकांना, सुमारे मीटरभर अंतरावर असतात. ते नाणी, खिळे, बुचे यांची दखलच घेत नाही आणि हंडा किंवा पेटी यांसारखी मोठी वस्तू अधिक खोलवरून टिपते. माझ्या यंत्राला तशी जोड लावता येत नाही. ज्याला फक्त साठाच शोधायचा आहे, त्याने हे यंत्र न घेता त्या जातीचा विचार करावा, असे मी स्पष्ट सांगेन.

वाळवंट आणि मेटल डिटेक्टर यांचे नाते तसे युद्धातून जुळलेले आहे. पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामेनच्या दुसऱ्या लढाईत सुमारे ५०० नगांच्या संख्येने वापरला गेला आणि सुरुंग साफ करण्याचा वेग त्याने तासाला सुमारे १०० चौरस मीटरवरून २०० पर्यंत नेला. इजिप्तच्या त्या पश्चिम वाळवंटात तेव्हाचे सुरुंग आजही शिल्लक आहेत. म्हणून कोणत्याही वाळवंटात 'मोठा, खोल, लोखंडी' आवाज आला की आधी त्या भागाचा लष्करी इतिहास पाहावा आणि मगच खोरे हाती घ्यावे. आपल्याकडे पश्चिम राजस्थानात लष्कराची सरावक्षेत्रे आहेत आणि सीमेलगतच्या पट्ट्यात हिंडण्यावर निर्बंध आहेत. त्या भागात असे यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

उन्हाची बाबही तितकीच गंभीर आहे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. इतक्या उन्हात यंत्राचा पडदा काळवंडतो, पण त्याआधी माणूस कोसळतो. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या सुपरस्टिशन पर्वतात, १८९१ साली वारलेल्या जेकब वॉल्ट्झच्या कथित सोन्याच्या खाणीचा नकाशा घेऊन अडॉल्फ रूथ हे वृद्ध गृहस्थ १९३१ च्या उन्हाळ्यात शिरले, ते परत आलेच नाहीत. त्यांची कवटी डिसेंबरात सापडली. त्यानंतरही लोक त्या खाणीच्या मागे जातच राहिले. थरकडे जायचे तर डिसेंबर-जानेवारीतच जावे.

आता मला जे मनापासून सांगायचे आहे ते: या उद्योगातला खरा भाग कागदावर होतो आणि तिथे खर्चलेला वेळ यंत्रावर खर्चलेल्या पैशापेक्षा अधिक फळतो. त्यासाठी पणजीत पाट्टो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयासारखी जागा उपलब्ध असताना, वाचल्याशिवाय यंत्र विकत घेणे मला पटत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे, जुनी गॅझेटिअरे, प्रवासवृत्ते आणि उपग्रहचित्रे ही चार साधने एकमेकांवर ताडून पाहिली, की 'इथे धन आहे' असे सांगणाऱ्या बहुतेक कथा घरबसल्याच गळून पडतात. उपग्रहचित्रांचे सामर्थ्य ओमानमध्ये दिसून आले. १९८४ च्या अंतराळयानातील रडारची आणि इतर उपग्रहांची चित्रे पाहून संशोधकांनी उंटांच्या तांड्यांच्या पुरातन वाटा हुडकल्या. त्या शिस्र येथील विहिरीकडे एकवटत होत्या, आणि तिथे खोदल्यावर १९९२ च्या सुमारास जुन्या किल्ल्याचे अवशेष हाती लागले. ते दंतकथेतले उबार शहरच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वाटा कुठे मिळतात ते पाहून जागा ठरवण्याची ही रीत थरमध्येही लागू पडते.

कागद तपासण्याची सवय किती आवश्यक आहे, हे पश्चिम चीनमधल्या तकलामकान वाळवंटाच्या इतिहासात दिसते. तिथल्या खोतान गावचा इस्लाम आखुन हा धन शोधणारा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'वाळूत सापडलेली' अज्ञात लिपीतली हस्तलिखिते इंग्रज आणि रशियन अधिकाऱ्यांना विकत होता. रुडॉल्फ हर्नले यांच्यासारख्या पंडिताने ती लिपी उलगडण्यात वर्षे घालवली. १९०१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी आखुनला गाठून उलटतपासणी केली, तेव्हा त्याने कबूल केले की कागद रंगवून, चुलीवरच्या धुरात टांगून आणि पानांत वाळू भुरभुरवून तो ही पुस्तके स्वतः बनवत असे. याच स्टाइन यांनी त्याच वाळवंटातल्या दंदान ओइलिकच्या अवशेषांकडे जाताना मात्र तुर्दी नावाच्या दुसऱ्या एका धनशोधकावर विश्वास ठेवला आणि तो सार्थ ठरला. गोव्यात किंवा कोकणात कोणी 'पूर्वजांचा ताम्रपट' किंवा 'पोर्तुगीज नकाशा' दाखवला, तर कागद, शाई आणि अक्षरवळण यांची तपासणी जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. अस्सल कागदानेही काम होतेच असे नाही: मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९५२ साली सापडलेल्या तांब्याच्या गुंडाळीत ६० हून अधिक ठिकाणी पुरलेल्या सोन्याचांदीची यादी आहे, पण त्या यादीवरून आजवर कोणालाही काही मिळालेले नाही. ज्या खुणा लिहिणाऱ्याला उघड होत्या, त्या वाचणाऱ्याला उरल्या नाहीत.

गोव्याशी सर्वांत जवळचे उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण ते मला फार मोलाचे वाटते. १ एप्रिल २००८ रोजी नामिबियाच्या वाळवंटी किनाऱ्यावर, ओरान्येमुंडजवळच्या हिऱ्यांच्या खाणीत, वाळूचे बांध घालून समुद्र मागे हटवलेल्या जागेत एका भूवैज्ञानिकाला तांब्याचा गोळा दिसला. त्यावर त्रिशुळाची खूण होती. ती जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांची निघाली. पुढे तिथून २००० हून अधिक सोन्याची नाणी, १८०० हून अधिक तांब्याचे गोळे आणि हस्तिदंत निघाले. नाण्यांमध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याची नाणी होती. ती १५२५ ते १५३८ या थोड्याच वर्षांत पाडली गेली होती, म्हणून जहाजाचा काळ नेमका ठरवता आला. लिस्बनच्या दप्तरांशी ताडून पाहता हे जहाज बहुधा 'बों जेझुस' असावे, असा निष्कर्ष निघाला; ते १५३३ च्या मार्चमध्ये लिस्बनहून भारताकडे निघाले होते, म्हणजे १५३० पासून भारतातील पोर्तुगीज राज्याची राजधानी झालेल्या गोव्याच्या दिशेने. आपल्याकडे यायला निघालेले सोने पावणेपाचशे वर्षे एका वाळवंटाच्या कडेला पडून राहिले. ते धन शोधणाऱ्यांच्या हाती न लागता खाणकामात सापडले, आणि ते काय आहे हे समजले ते नाण्यांच्या आणि दप्तरांच्या अभ्यासकांमुळे. पुरातत्त्वज्ञांनी ते थरावारी उचलल्यामुळेच ही हकिकत आज सांगता येते. कोणी रात्रीतून नाणी पळवली असती तर फक्त सोने उरले असते.

म्हणून कायद्याविषयी मी कडक आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत लपलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सापडलेली वस्तू लपवणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि त्याला कैदही होऊ शकते. १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व भांडी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. संरक्षित स्मारकांच्या आवारात खोदणे गुन्हाच आहे, मग ते जुने गोवे असो किंवा जयसलमेरजवळचे ओसाड कुलधरा. तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांनी सोने पुरल्याच्या दंतकथेपायी लोकांनी घरांच्या जमिनी उकरल्या, ही दुःखाची गोष्ट आहे. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून गुप्तधन दिसते, या समजुतीने तर आपल्याकडे माणसांचे जीवही धोक्यात आले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो याचसाठी. शोधायचे तर परवानगीच्या जमिनीवर, दिवसाढवळ्या आणि यंत्राने शोधावे.

विक्रीसेवेबद्दल थोडक्यात. ज्या विक्रेत्याकडून यंत्र मागवले, त्याने कॉइलचे प्लास्टिकचे झाकण पाठवले नाही आणि ते मिळवायला बरेच निरोप धाडावे लागले. जांभ्यावर झाकणाशिवाय कॉइल घासली तर थोड्याच काळात तिला चिरा पडतील, म्हणून माल हाती येताच खोका उघडून मोजणी करावी. बॅटरी एका दिवसाच्या कामाला पुरते, हेडफोन ठीक आहेत, दांडा उंच माणसाला किंचित आखूड पडतो. नाणी, दागिने, शेतातली हरवलेली अवजारे, पुरलेल्या नळाची झडप यांसाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. वाळवंटातल्या साठ्यासाठी ते दुय्यम साधन म्हणून, म्हणजे दोन पेट्यांच्या यंत्राने जागा दाखवल्यावर खड्ड्यात नेमकी वस्तू हेरण्यासाठी, ठेवावे. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र ते बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि बॅटरीची जोडणी महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावी.